नवस फेडायला हेब्रोनला

प्रश्न : आमच्या मंडळीत सध्या बायबलमधलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक वाचतोय. दावीद राजाचा मुलगा अबशालोम चार वर्षं वेशीत उभा राहून लोकांना बापाविरुद्ध फितवतो. मग नवस फेडायला हेब्रोनला जाऊ द्या म्हणतो, आणि दावीद सरळ ‘शांतीने जा’ म्हणून मोकळा होतो. तिथे जाऊन पोरगा बंड पुकारतो. एवढा हुशार राजा, पोराच्या पोटातलं त्याला कसं ओळखता आलं नाही?
– एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : ताई, माझी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली, त्यामुळे तो वेशीतला प्रसंग मला फारच ओळखीचा. त्या काळी न्यायनिवाडा वेशीतच व्हायचा. अबशालोम सकाळीच तिथे जाऊन उभा. फिर्याद घेऊन आलेल्याला गाव विचारायचा, ‘तुझी बाजू खरी आहे, पण राजाकडून ऐकून घेणारं कुणी नाही’ म्हणायचा, आणि माणूस पाया पडायला वाकला की त्याला धरून मुका घ्यायचा. कागद न वाचताच ‘केस तुमचीच’ म्हणणारे कोर्टाच्या फाटकाबाहेर मीही पाहिलेत. त्यांचं काय चाललंय ते चहावाल्यालाही कळतं! त्यात याच्याकडे रथ, घोडे आणि पुढे धावणारी ५० माणसं. राजाच्या कानावर काहीच गेलं नसेल, हे मला पटत नाही.

शिवाय ही पहिली वेळ नव्हे. दाविदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आजाराचं सोंग घेतलं, तेव्हा त्याची सावत्र बहीण तामार हिला त्याच्या घरी पाठवलं ते दाविदानेच. अम्नोनाने तिच्यावर अत्याचार केला. राजा संतापला, केलं काहीच नाही. दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम आला : बाल-हासोरला मेंढरांची कातरणी आहे, अम्नोनाला पाठवा. इथे मात्र दाविदाने विचारलं, त्याने तुझ्याबरोबर कशाला यायचं? अबशालोमाने काय उत्तर दिलं, ते पुस्तकात नाहीच. त्याने गळ घातली, एवढंच आहे, आणि बापाने सगळे राजपुत्र पाठवले. अम्नोन जिवंत परतला नाही. म्हणजे शंका आली होती, ती लावून धरायचं बळ नव्हतं. आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घरात आणून त्याला मारवल्यावर पोरांना कुठल्या तोंडाने जाब विचारणार, असा माझा अंदाज. पुस्तक तसं म्हणत नाही.

हेब्रोनचं तर त्याहून नवल. तरुणपणी, जिवावर उठलेल्या शौल राजाच्या पंगतीला गैरहजर राहायचं होतं, तेव्हा दाविदाने शौलाचा मुलगा योनाथान याला काय सांगायला लावलं? बेथलेहेमात घराण्याचा वार्षिक यज्ञ आहे, म्हणून गेलाय. पहिल्या शमुवेलाचा २० वा अध्याय काढून बघा. शौलाने त्यातली मेख तिथल्या तिथे ओळखली आणि पोटच्या पोरावर भाला फेकला. देवाधर्माची तीच सबब अबशालोमाने बापापुढे ठेवली. गावही कोणतं, तर जिथे दाविदाला पहिला राज्याभिषेक झाला आणि जिथे अबशालोम जन्मला ते हेब्रोन. यरुशलेमाहून सोबत गेलेल्या २०० पाहुण्यांना कटाची कल्पना नव्हती, असं पुस्तक स्पष्ट सांगतं. त्यांचं भाबडेपण मी मान्य करीन. दाविदाला त्यांच्या रांगेत बसवणार नाही.

पुढे तुमच्याकडे राजांचं पहिलं पुस्तक लागेल. तिथे पहिल्याच अध्यायात अबशालोमाच्या पाठचा अदोनीया मीच राजा होणार म्हणतो, रथ आणि घोडेस्वार जमवतो, पुढे धावायला माणसं ठेवतो, तीही ५०च. तेव्हा सहावं वचन सोडू नका. हे तू का केलंस, असं विचारून बापाने त्याला जन्मात कधी दुखवलं नव्हतं, असं तिथे लिहिलंय.