जवळ दगड असताना हजार किलोमीटरवरची कुऱ्हाड कशाला?

तुम्ही विचारलंय की चाक नाही, घोडा नाही, अशा काळात दगडी कुऱ्हाडी शेकडो किलोमीटर लांब कशा गेल्या, आणि मुळात का गेल्या? ज्याच्या त्याच्या नदीत दगड नव्हते का?

दगड होते, आणि चांगले होते. मला ज्या कुऱ्हाडीबद्दल सांगायचंय ती इंग्लंडच्या कँटरबरीजवळ सापडली. त्या सगळ्या पट्ट्यात खडूच्या खडकात चकमकीचा दगड ठासून भरलाय. त्याची कुऱ्हाड झाड सहज तोडते. तरीही सहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या कुणाकडे तरी आल्प्स पर्वतातल्या जेडाइटची, म्हणजे जेड जातीच्या हिरव्या दगडाची, कुऱ्हाड होती. सरळ रेषा ओढली तरी अंतर साडेआठशे किलोमीटर भरतं, आणि मध्ये समुद्र.

ही कुऱ्हाड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. वीतभर लांब, थेंबाच्या आकाराची, कडेला इतकी पातळ की दगड आहे यावर विश्वास बसू नये. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. कुठे टवका उडालेला नाही, दांडा बसवल्याची खूण नाही, धार वापरून बोथट झालेली नाही. थोडक्यात, हिने कधी लाकूड तोडलेलंच नाही.

दगड आल्प्समधला असावा असा अंदाज जुना होता. पण आल्प्समध्ये नेमका कुठला? बहुतेकांना वाटायचं की डोंगरातून वाहून आलेले गोटे लोकांनी खाली नदीच्या पात्रात वेचले असतील. पिएर आणि आन-मारी पेत्रकाँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ दांपत्याला हे पटेना. त्यांनी न्यू गिनीच्या डोंगरांत अनेक वर्षं काढली होती. तिथे विसाव्या शतकातही दगडी कुऱ्हाडी घडवणारे कारागीर होते. ती माणसं दगडासाठी दूर डोंगरातल्या खाणींवर चालत जात, खडकाला आग लावून तो तडकवत, आणि खाणीची जागा त्यांच्या पूर्वजांच्या कथांशी बांधलेली असे. ते पाहून आलेल्या माणसांनी आल्प्समध्येही वर, उंचावर शोधायचं ठरवलं. डझनभर वर्षं पायपीट केली आणि 2003 साली इटलीतल्या मोंते व्हिसोच्या उतारावर त्यांना खाणी सापडल्या. समुद्रसपाटीपासून दोन हजार ते चोवीसशे मीटरवर! तिथे दगडाच्या कपच्यांचे थर होते, अर्धवट घडवलेल्या कुऱ्हाडी होत्या, आगीचा कोळसा होता. कोळशाच्या तारखा साधारण इ. स. पूर्व 5000 च्या आसपासच्या निघाल्या. कँटरबरीच्या कुऱ्हाडीचा दगड तर तिथल्या एका शिलाखंडाशी इतका जुळला की दोघं मुळात शेजारी असणार असं तज्ज्ञांनी सांगितलं. आणि हे सगळं कुऱ्हाडीचा कण न काढता, तिच्यावरून परतणारा प्रकाश मोजून.

जरा त्या जागेचा विचार करा. वर्षातले बरेच महिने बर्फ. उन्हाळ्यात थोडे दिवस वाट मोकळी होणार, तेवढ्यात चढायचं, वर सरपण न्यायचं, खडक तापवून फोडायचा, ओबडधोबड आकार देऊन खाली यायचं. मग खरं काम. जेडाइटचे कण एकमेकांत विणल्यासारखे गुंतलेले असतात, त्यामुळे तो फोडायलाही चिवट आणि घासायलाही. वालुकाश्मावर पाणी आणि वाळू टाकून दिवसचे दिवस घासत बसायचं. खाली दरीत त्यातल्या त्यात सोपे गोटे पडलेले असताना ही माणसं वर जात होती. माझ्या मते तुमच्या ‘का’चं निम्मं उत्तर या चढणीत आहे.

उरलेलं निम्मं उत्तर मला आमच्या आजीच्या देवघरात सापडतं. तिथे तांब्याचा एक सीलबंद गडू होता, काशीहून आणलेला. गावाला बारमाही नदी होती, विहीर होती. पण त्या गडूला कुणी ‘पाणी’ म्हटलेलं मी ऐकलं नाही, ती ‘गंगा’. आणली तेव्हा मावंदं घातलं, गाव जेवलं. नंतर गडू वर्षानुवर्षं तसाच देवघरात. तहान भागवायला तो आणलाच नव्हता. कुठून आला, कुणी आणला, हेच त्याचं मोल. व्हिसोवरच्या हिरव्या कुऱ्हाडी अशाच जपल्या गेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

‘कशा गेल्या’ याचं उत्तर त्या मानाने लहान आहे: हातोहात. एकच माणूस आल्प्सपासून इंग्लंडपर्यंत चालत गेला असं समजायचं कारण नाही. सोयरीक, मैत्री, मानपान, तह, या निमित्तांनी वस्तू एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकते, आणि वाटेत बदलतेही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात कार्नाकच्या परिसरात पोचलेल्या कुऱ्हाडी तिथल्या लोकांनी पुन्हा घासून आणखी पातळ, आणखी चकचकीत केल्या. काहींना भोक पाडलं. जवळच्या माने एर रोएक या थडग्यात 1863 साली शंभराहून जास्त पॉलिश केलेल्या कुऱ्हाडी एकत्र निघाल्या. त्यात एका कुऱ्हाडीचं टोक हिरव्या दगडाच्या सपाट कंकणावर टेकवून ठेवलेलं होतं. त्याच भागातल्या गावरिनीसच्या थडग्यात तर भिंतीच्या दगडांवरच कुऱ्हाडी कोरल्यात. उत्तरेला स्कॉटलंड, आयर्लंड, डेन्मार्क, पूर्वेला थेट बल्गेरिया, इतक्या लांबवर हा हिरवा दगड गेला.

लांब गेलेलं प्रत्येक दगडी हत्यार असंच मानाचं होतं, असं मात्र नाही. सिंधमधल्या रोहरी टेकड्यांच्या चकमकीची लांब पाती हडप्पा संस्कृतीच्या काळात गुजरातेतल्या लोथल, धोलावीरापर्यंत जात. ती कापण्या-सोलण्याच्या रोजच्या कामाची होती, झिजली की टाकून द्यायची. म्हणून ‘दगड किती लांबून आला’ एवढ्यावर थांबू नका; तो वापरला गेला का आणि शेवटी ठेवला कुठे, हेही बघा.

या दुसऱ्या प्रश्नासाठी माझं सगळ्यात आवडतं ठिकाण इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं आहे. तिथल्या दलदलीतून जायला लोकांनी फळ्यांची पायवाट बांधली होती, जवळजवळ दोन किलोमीटर लांब. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, चिखलात लाकूड इतकं शाबूत राहिलं की खोडातली वलयं मोजून झाडं कधी तोडली ते कळलं: इ. स. पूर्व 3807 च्या हिवाळ्यात किंवा 3806 च्या वसंतात. ती झाडं दगडी कुऱ्हाडींनीच तोडली, लाकडावर घाव दिसतात. आणि त्याच वाटेच्या कडेला चिखलात आल्प्सच्या हिरव्या जेडाइटची एक कुऱ्हाड मिळाली. दांडा नाही, धारेला ओरखडा नाही. व्हिसोच्या खाणी भरात होत्या त्याला तेव्हा कित्येक शतकं उलटली होती, म्हणजे ती किती पिढ्यांच्या हातांतून आली असेल! इतकी जपलेली वस्तू फळ्यांवरून जाताना सहज निसटून पडली असेल, असं मला वाटत नाही. कुणीतरी वाकून ती पाण्यात सोडली असणार.