टेस्ट किट शून्य दाखवतंय, तरी रीफ टँकमधलं तपकिरी शेवाळ का वाढतंय?

रीफ टँक (प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) सात महिन्यांचा, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, आठवड्यातून दोनदा वॉटर चेंज, तरीही वाळूवर तपकिरी चिकट थर वाढतोच आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक करा: वॉटर चेंज आजपासून थांबवा.

तुमच्या वर्णनावरून ते डायनोफ्लॅजेलेट्स, थोडक्यात डायनो, वाटतात. हे एकपेशीय जीव. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट उरलं नाही की साधं शेवाळ आणि उपयोगी जिवाणू उपाशी पडतात आणि रिकाम्या जागेवर हे पसरतात. म्हणजे ते शून्य हेच दुखणं आहे. माझ्या टँकमध्ये हेच झालं होतं. सकाळी लाइट लागण्याआधी वाळू जवळजवळ पांढरी दिसायची, दुपारी त्याच वाळूवर शेंबडासारखे धागे डोलत असायचे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा. मी घाबरून फॉस्फेट रिमूव्हर वाढवला, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) जोरात चालवला. दोन आठवड्यांत खडकही झाकले गेले.

अंदाजावर उपचार करू नका, खात्री करून घ्या. थोडा थर पिपेटने ओढून टँकच्याच पाण्यात, छोट्या बाटलीत घाला. धागे पूर्ण मोडेपर्यंत हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा धागे जुळून आले तर डायनोच. स्वस्तातला मायक्रोस्कोप मिळाला तर फारच उत्तम, कारण पुढचा उपाय प्रकारावर ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो, एका टोकाभोवती गरगरतो आणि रात्री पाण्यात उतरतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही (पाण्यावर अतिनील प्रकाश टाकणारं यंत्र) लागू पडतो. अँफिडिनियम वाळूतच राहतो. त्याच्यासाठी यूव्हीवर खर्च करू नका.

दोन्हीत पाया एकच. फॉस्फेट रिमूव्हर काढा, माशांना खाणं वाढवा, तरी आकडे हलले नाहीत तर नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून घाला. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास टिकवा. सुरुवातीला खडक फॉस्फेट शोषून घेतात, त्यामुळे आज घातलेलं उद्या पुन्हा शून्य दिसेल. रोज मोजा, थोडं थोडं घाला. याला आठवडे लागतात, आणि मध्येच थोडं हिरवं शेवाळ उगवलं तर मला तरी ते चांगलं लक्षण वाटतं. तीन दिवस लाइट बंद ठेवून थर नाहीसा होतो खरा, पण नुसत्या तेवढ्यानं तो परत येतो.

बाटलीत धागे जुळले नाहीत तर गोष्ट वेगळी. थर लालसर आणि चादरीसारखा अख्खा सोलून निघत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया: सायफनने ओढून घ्या आणि त्या कोपऱ्यातला प्रवाह वाढवा. केसांसारखं हिरवं शेवाळ असेल तर फॉस्फेट बहुधा आहेच, फक्त शेवाळच ते खाऊन टाकतंय म्हणून किटवर दिसत नाही. ते हाताने उपटावं लागतं. शिवाय टँकमध्ये घालायच्या आरओडीआयच्या (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, शून्य आहे का, तेही बघा.

गोगलगायी उताण्या पडत असतील तर थांबू नका, त्यांना लगेच वेगळ्या टाकीत हलवा. काही डायनो विषारी असतात, म्हणून टँकमध्ये हात घालताना हातमोजे घाला.