१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? आणि अशा संख्यांचा उपयोग काय?

मूळ कसली, चांगला पूर्ण वर्ग आहे तो. १११११११११ चा, म्हणजे ओळीने नऊ एक.

मी डोंबिवलीचा, त्यामुळे या संख्येवर माझा थोडा हक्क आहे. नाशिककडचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना अशा संख्यांची कल्पना आमच्या स्टेशनात सुचली. स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेमलो, म्हणून या डेमलो संख्या.

आठवीत आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर ही शिडी मांडली होती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. मग हातावरचा खडू झटकत म्हणाले, "असंच पुढे, कितीही एक घ्या." मी घरी येऊन दहा घेतले. वहीचं मधलं जोडपान काढून आडवं धरलं आणि एकेक घर सरकवत दहा ओळी लिहिल्या. मधल्या घराची बेरीज दहा. शून्य, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला की पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग आठाचा झाला नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! आजी एकं दहं शतं म्हणत अंक मोजायला बसली. परार्धापाशी तिची घरं संपली तरी एक अंक उरलाच.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही पाहिली न पाहिली, "हातचा चुकलाय" म्हणाले आणि लाल फुली मारली. वर्ग हसला.

चुकला नव्हता. अंकांची बेरीज करून बघा. नऊ एकांच्या वर्गात ती ८१, म्हणजे नवाचा वर्ग. दहाला १०० यायला हवी, येते ८२. कारण प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो, बेरजेतले नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून १०० वजा १८. हा ताळा मला तेव्हा सुचला असता तर!

असो. तुमच्या संख्येचे मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. ८१ ने तिला भाग जातो आणि अंकांची बेरीजही ८१, म्हणून ती हर्षद संख्याही आहे. हे नावही कापरेकरांचंच.

उपयोग विचाराल तर काही नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. मुलांना ही शिडी जरूर दाखवा, पण नवव्या पायरीवर थांबू नका. दहावी त्यांच्याकडून कागदावर करून घ्या. साध्या कॅल्क्युलेटरवर १९ अंक मावतही नाहीत. आणि एखादं पोर वेगळंच उत्तर घेऊन आलं तर फुली मारण्याआधी स्वतः गुणाकार करा. पाच मिनिटं लागतात, सर.

कापरेकरांच्या डेमलो संख्यांत या वर्गांखेरीज आणखीही बऱ्याच संख्या येतात, हे सांगायचं राहिलं. आणि सोळाच्या पायावर, म्हणजे जिथे हातचा दहाऐवजी सोळाला येतो, लिहिलं तर ही शिडी पंधरा एकांपर्यंत हातच्याशिवाय जाते, हेही मान्य. पण आठवीच्या फळ्यावर सोळाचा पाया नव्हता.