बटाटा-गाजराचं मॅश कधी चिकट, कधी पाणचट होतं. क्रीमी व्हायला अजून किती क्रीम घालू?

तुम्ही लिहिलंय की बटाटा, गाजर आणि सलगम एकत्रच कुकरला लावता, चार शिट्ट्या काढता, मिक्सरमधून फिरवता आणि वरून क्रीम ओतता. तरी एकदा ते खळीसारखं चिकट झालं आणि पुढच्या वेळी ताटात पाणी सुटलं. क्रीमचं प्रमाण विचारलंत, तर आधी तेवढंच सांगतो: क्रीम अजिबात नसलं तरी चालतं. मी बहुतेक वेळा घालतच नाही, लोणी आणि दूध पुरतं. तुमचं गणित बिघडतंय ते त्याच्या बरंच आधी, कुकर आणि मिक्सरपाशी.

मिक्सरचा धडा मी स्वतः घेतलाय. आठ माणसं जेवायला येणार होती, मॅशरने ठेचत बसायचा कंटाळा आला आणि किलोभर उकडलेले बटाटे थेट मिक्सरच्या भांड्यात टाकले. अर्ध्या मिनिटाने झाकण उघडलं तर आत खळ. चमचा उचलला की तार निघत होती. सैल होईल म्हणून दूध घातलं, आणखी फिरवलं, तर आणखीच ताणलं जायला लागलं.

बटाट्याच्या पेशी म्हणजे स्टार्चच्या कणांनी भरलेल्या पिशव्या. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला हे कण पाणी पिऊन फुगतात, पण राहतात पिशवीतच. हलक्या हाताने दाबलं तर पिशव्या एकमेकींपासून सुट्या होतात आणि मॅश मऊ, हलकं लागतं. मिक्सरचं पातं त्या फाडतं. आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं एकमेकांना चिकटून बसतं. हे एकदा झालं की मागे फिरत नाही.

गंमत अशी की गाजराला आणि सलगमाला हा नियम लागू नाही. त्यांच्यात स्टार्च नावालाच असतो, त्यामुळे मिक्सरमधून खुशाल फिरवा, चिकट होणार नाही. उलट गाजर नुसत्या मॅशरने कधीच गुळगुळीत होत नाही, बारीक कण राहतातच. म्हणजे तुमच्या भांड्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या भाज्या आहेत आणि तुम्ही दोघींना एकच वागणूक देताय. एकीला मिक्सर हवा, दुसरीला तो चालत नाही.

आता पाण्याचं. कच्च्या बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, गाजरात ८८ च्या आसपास, सलगमात ९० च्याही वर. बटाट्याचं पाणी स्टार्च धरून ठेवतो. सलगमात धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणून ते ताटात उतरतं. त्यात कुकरमध्ये पाण्यात बुडवून, फोडी करून शिजवलं की बटाट्याच्या फोडी फुटून अजून पाणी ओढतात. त्या पाणचट गोळ्यात क्रीम ओतलं तर पाणचट क्रीम मिळतं, दुसरं काय!

मी करतो ते असं. पाच-सहा जणांना ६०० ग्रॅम बटाटे, २५० ग्रॅम गाजर, १५० ग्रॅम सलगम, १०० ग्रॅम लोणी आणि १०० ते १५० मिली दूध. बटाटा अर्ध्याहून जास्त ठेवाच, बाकीच्या दोघांना बांधून ठेवायचं काम त्याचं आहे.

बटाटे जुने, पिठूळ घ्या. नवे, पातळ सालीचे बटाटे उकडल्यावर चिकण राहतात, ते रस्सा किंवा सॅलडला चांगले. कोणता कुठला कळत नसेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि कच्चा बटाटा त्यात सोडा. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो. चिकण बटाटा तरंगतो. रोज कोणी हे करत नाही, मीही नाही, पण एकदा करून बघायला मजा येते.

बटाट्याच्या तीन-चार सेंटिमीटरच्या सारख्या फोडी करा आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा, म्हणजे कापताना सुटलेला स्टार्च जातो. मग गार पाण्यातच टाकून गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकल्या तर आतून शिजेपर्यंत बाहेरून विरघळतात. लिटरला १० ग्रॅम मीठ याच पाण्यात घाला, नंतर वरून घातलेलं मीठ तितकं मुरत नाही. पाणी खळखळू देऊ नका, मंद उकळी पुरे. पंधरा-वीस मिनिटांत सुरी लोण्यासारखी आत गेली पाहिजे. इथे घाई केली तर पुढे गुठळ्या निघतात आणि मग कितीही ठेचलं तरी त्या मोडत नाहीत.

कुकरच हवा असेल तर बटाटे अख्खे, सालासकट, आतल्या डब्यात पाणी न घालता वाफेवर शिजवा. फोडी करून पाण्यात बुडवू नका, एवढंच.

तोवर गाजराच्या पातळ चकत्या एका लहान पातेल्यात, चमचाभर लोणी आणि अगदी थोडं पाणी घालून, झाकून मंद आचेवर ठेवा. गाजराला बटाट्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून आधी चढवा. शेवटी झाकण काढून पाणी पूर्ण आटवा. सलगम मी उकडतच नाही. फोडींना तेल चोळून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास भाजतो, पाणी उडतं आणि उग्र वासही कमी होतो. ओव्हन नसेल तर पसरट तव्यावर झाकण न ठेवता सावकाश परता. मग गाजर आणि सलगम मिक्सरमधून एकदम मऊ वाटून घ्या. गरम असताना झाकण गच्च लावू नका, वाफेने उडतं. मधलं टोपण काढून वर फडकं धरा. या शिजण्याच्या टप्प्यात लिंबू, टोमॅटो असलं काहीही आंबट घालू नका. आंबटामुळे भाजी मऊ व्हायची अडते.

सगळ्यात महत्त्वाची पायरी लोक गाळतात ती अशी. बटाटे निथळून परत त्याच रिकाम्या गरम पातेल्यात घाला आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवत ठेवा. वाफ निघत राहील, फोडींच्या कडा पांढुरक्या, भुकटीसारख्या होतील, तळाला पातळ थर धरायला लागेल. तिथे थांबा. जेवढं पाणी इथे गेलं तेवढीच पुढे लोणी-दूध शोषायला जागा झाली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या तीन मिनिटांत आहे.

लगेच, गरम असतानाच, पुरणयंत्रातून काढा. या कामाला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही, भाजी एकदाच जाळीतून जाते आणि पेशी फारशा दुखावत नाहीत. बारीक भोकांची चकती लावलेला सोऱ्याही चालतो. दोन्ही नसेल तर मॅशर, पण वरून खाली दाबत. गोल गोल घोटायचं नाही. बटाटा निवला की स्टार्च घट्ट होतो आणि मग गुठळ्या राहतात.

आधी लोणी, मग दूध. लोण्याचे तुकडे गरम बटाट्यात लाकडी चमच्याने मिसळा, गाजर-सलगमाचं वाटण घाला, मग कडक गरम दूध थोडं थोडं. गार दूध ओतलं तर मॅश जागच्या जागी निवतं. दूध सगळं संपवायचंच असं नाही. चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत सैल झालं की पुरे. शेवटी पांढरी मिरी आणि हवं तर चिमूटभर जायफळ.

लोणी १०० ग्रॅम वाचून दचकला असाल, तर ऐका. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्या साध्या बटाट्याच्या प्युरेसाठी नावाजले गेले, तिच्या पाककृतीत किलोभर बटाट्यांना २५० ग्रॅम लोणी आहे. तेही बटाटे सालासकट उकडत आणि जाळीतून काढल्यावर पातेल्यात परत कोरडे करत. इतकं लोणी मला झेपत नाही. पण एकदा करून बघितलं होतं, आणि चमच्यागणिक कळत होतं की नाव कशाने झालं.

बाकी कंदांचं थोडक्यात. रताळं सालासकट सावकाश भाजलं तर उकडण्यापेक्षा गोड होतं, कारण हळूहळू तापताना त्यातला स्टार्च साखरेत बदलतो. दूध कमी लागतं, दोरे असतील तर चाळणीतून काढा. बिटाने सगळं लाल होतं, ते चालणार असेल तरच. सुरण नीट शिजला नाही तर घशाला खाजतो. अळकुड्या मॅशला घेऊ नका. त्यांचा बुळबुळीतपणा तुम्ही कितीही लोणी घातलंत तरी जात नाही.

चिकट झालेल्याचं काय करायचं? पुन्हा मॅश होणार नाही, त्यावर दूध वाया घालवू नका. मी त्या रात्री ते ट्रेमध्ये पसरवलं, वर चीज किसलं आणि ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाजलं. कुणाला काही कळलं नाही. पाणचट झालेलं मात्र सुधारतं: पसरट भांड्यात मंद आचेवर, तळापासून हलवत आटवा, मग चमचाभर लोणी.

पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचं असेल तर झाकलेलं पातेलं गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवा, वरून दोन चमचे गरम दूध पसरा म्हणजे साय धरणार नाही. तासभर तरी मऊ राहतं. वाढायच्या आधी एकदाच हलवा.