आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरे

तुमची अडचण थोडक्यात अशी. दहा वर्षे वापरलेल्या पेट्रोल सेडानचे मूळ इंजिन उतरवून गॅरेजवाल्याने मोठे टर्बो इंजिन बसवले, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नव्याने मॅप केला आणि गाडीची ताकद दुपटीच्या वर गेली. ‘आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नंबर मी चढवून देतो’ असे तो म्हणाला होता. रस्त्यावरच्या तपासणीत इंजिन क्रमांक जुळला नाही आणि आता नोंदणी रद्द का करू नये, अशी आरटीओची नोटीस आली आहे. गॅरेजवाला सुचवतो की जुना क्रमांक नव्या इंजिनावर ठोकून घेऊ. मूळ इंजिन अजून त्याच्याच ताब्यात आहे आणि उरलेली मजुरी मिळाल्याशिवाय ते देणार नाही, असे त्याचे म्हणणे.

सगळ्यात आधी हे ऐका: तो क्रमांक ठोकू देऊ नका. आज तुमच्यावर मोटार वाहन कायद्याचे प्रकरण आहे. क्रमांक खोडला किंवा नव्याने कोरला की त्याचे फौजदारी प्रकरण होते, कारण फसवणूक आणि बनावटीकरणाची कलमे लागतात. शिवाय ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल बाळगल्याचा संशय तुमच्यावर येईल, आणि क्रमांक बदलणारा माणूस प्रामाणिक होता हे पटवणे फार कठीण जाते. तुम्ही अजून हे केलेले नाही, याचा मला मनापासून दिलासा वाटतो.

आता मूळ मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला वाट ठेवली आहे. ताकद वाढवण्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. निकामी इंजिनाच्या जागी त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगी घेऊन बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या गाडीत निर्माताही वेगळा, क्षमताही वेगळी. त्यामुळे ‘नंतर आरसीवर चढवून घेऊ’ हे आश्वासन पहिल्या दिवसापासून पोकळच होते.

तुम्ही विचारता, पीयूसी तर पास झाली, मग प्रदूषणाचा प्रश्न कुठे येतो? पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर, इंजिनावर भार नसताना होते. टर्बो खरे काम करतो ते भाराखाली. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरते, कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, तिच्या प्रमाणात जास्त पेट्रोल जाते. त्या अवस्थेत धुरात काय असते, हे पीयूसीच्या नळीला कळत नाही. निर्मात्याच्या मॉडेलला जी मान्यता मिळते ती इंजिन, ईसीयू आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) या सगळ्यांना मिळून असते. यातला एक घटक बदलला तरी त्या मान्यतेचा आधार सुटतो.

शिक्षेबद्दल तुम्ही घाबरून लिहिले आहे, म्हणून आकडे सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) खाली अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा गुन्हा कलम २०० प्रमाणे रक्कम भरून तडजोडीने मिटवता येतो. मला जास्त काळजी कलम ५५ ची वाटते. आरसीतला आणि इंजिनावरचा क्रमांक वेगळा असेल तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार त्यात आहे. मात्र त्याआधी तुमचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे आणि तुमच्या हातातली नोटीस तीच संधी आहे.

म्हणून सगळी धडपड मूळ इंजिनासाठी करा. गाडीची नोंदणी वाचवण्याचा खात्रीचा मार्ग तेवढा एकच आहे. नोटिशीच्या मुदतीत लेखी उत्तर द्या. बदल झाला हे नाकारू नका. गाडी रस्त्यावर आणणे थांबवले आहे, मूळ इंजिन परत बसवत आहोत, त्यासाठी अमुक दिवस द्यावेत आणि नंतर गाडीची तपासणी करावी, असे लिहा. तपासणीला गाडी टोइंगने न्या. एवढे करूनही आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते.

गॅरेजवाल्याला आजच नोंदणीकृत पोस्टाने पत्र पाठवा. इंजिन तुमच्या मालकीचे आहे. ते त्याच्याकडे निव्वळ ठेवीसारखे आहे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क असतो आणि तो याच कलमाकडे बोट दाखवेल. पण कायद्याने मनाई केलेल्या कामाचा करार कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो, तेव्हा त्या कामाची मजुरी मागण्यासाठी न्यायालय त्याला सहज हात देणार नाही. हे कलम दोन्हीकडून कापते, याची जाणीव ठेवा. ‘ठरलेली हॉर्सपॉवर मिळाली नाही’ अशी ग्राहक आयोगात तक्रार केलीत तर बेकायदा कामाची फळे मागितल्यासारखे होईल. तक्रार करायचीच असेल तर अशी करा: काम कायदेशीर आहे, आरसीवर नोंद होईल असे खोटे सांगून पैसे घेतले. तसे मेसेज तुमच्याकडे असतील तर फोन बदलू नका, काही पुसू नका. पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडावे लागेल. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. आणि इथे मला तुमच्याकडून खरे उत्तर हवे: हे नियमात बसत नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होते का? माहीत असेल तर पैसे परत मिळण्याची आशा फार धरू नका, फक्त इंजिन सोडवा. गरज पडली तर थोडी मजुरी ‘हक्क राखून’ असे लिहून द्या, पण नोटिशीची मुदत टळू देऊ नका.

विमा कंपनीला या बदलाबद्दल काही कळवलेले नाही, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला ती ओळ सगळ्यात जास्त खटकली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर माहिती दडवली म्हणून फेटाळला जाईलच. पण याच गाडीखाली कोणी सापडले, तर महत्त्वाची बाब लपवून पॉलिसी घेतली, हा बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला उपलब्ध आहे आणि भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येऊ शकतो. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स मूळ ताकदीच्या हिशोबाने बनलेले. त्यांवर दुप्पट ताकद टाकून अपघात झाला, तर निष्काळजीपणाच्या खटल्यात सरकारी वकिलाला फार शोधावे लागणार नाही. मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

शेवटचा तुमचा प्रश्न, ‘मग एवढ्या मेहनतीचे इंजिन भंगारात घालू का?’ नाही. तुमची हौस मला समजते. आधी त्याचे खरेदी बिल आणि परदेशी असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद) मागून घ्या. वापरलेल्या सुट्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत. कागद स्वच्छ निघाले तर ते इंजिन ट्रॅकसाठीच ठेवलेल्या वेगळ्या गाडीत बसवा, ती गाडी ट्रेलरवरून न्या आणि चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या सर्किटवर, एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाच्या नियमांखाली चालवा. कागद मिळाले नाहीत, तर ते इंजिन गॅरेजमधून उचलू नका, मला कळवा.