‘नागरी संरक्षण’ की ‘नागरिक सुरक्षा’?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय : ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या फलकावर ‘नागरिक सुरक्षा सराव’ लिहिलं होतं, पेपरात मात्र ‘नागरी संरक्षण’. बरोबर कुठलं?

ताई, मराठीत ‘नागरी संरक्षण’च. ‘नागरिक सुरक्षा’ हे हिंदीतलं सरकारी नाव. हिंदीत ‘नागरिक’ विशेषण म्हणूनही चालतं, मराठीत ते नाम आहे. त्यांचे रक्षामंत्री आपल्याकडे संरक्षणमंत्री होतात, तसंच हेही. चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. नागरी संरक्षणाचं केंद्रीय महासंचालनालयही त्याच महिन्यातलं.

मूळ इंग्रजी शब्द ‘सिव्हिल डिफेन्स’. त्यातल्या ‘सिव्हिल’ला मराठीने एकच प्रतिशब्द कधी दिला नाही. कोर्टात दिवाणी, महसुलात मुलकी, अधिकाऱ्यांत सनदी, बांधकामात स्थापत्य, कायदेभंगात सविनय. सरकारी दवाखाना तर नुसता सिव्हिल! लष्करी नव्हे ते मुलकी, हा अर्थ जुना, म्हणून ‘मुलकी संरक्षण’ही शोभलं असतं. पण मुलकी म्हटलं की शेतसारा आणि पाटील डोळ्यांपुढे येतात, म्हणून ‘नागरी’ मला जास्त पटतो.

त्यात एक चकवा मात्र आहे. नागरी म्हणजे शहरी असं समजून ‘मग मुळशी-वेल्ह्याकडच्या खेड्यांचं काय?’ असं कुणीही विचारेल. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याची व्याख्या इथे कामी येते : शत्रूच्या हल्ल्यापासून माणसं, मालमत्ता, जागा वाचवण्याचे, प्रत्यक्ष लढाईत न मोडणारे उपाय. म्हणजे भोंगा, ब्लॅकआउट, प्रथमोपचार, ढिगाऱ्याखालून माणसं काढणं. इथला ‘नागरी’ खेड्याशी नाही, ‘लष्करी’शी जोडी लावून वाचायचा.

या व्याख्येत शत्रू होता, पूर नव्हता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यातल्या अर्ध्या पेठा पाण्याखाली गेल्या, तसलं संकट कायद्याच्या शब्दांत आलं ते २००९ च्या दुरुस्तीने. ती २०१० पासून लागू झाली. नाव तेच राहिलं, अर्थ वाढला. तेव्हा पुढच्या वेळी फलकावर ‘नागरी संरक्षण सराव’ लिहा. पुराचा सराव असला, तरी हेच नाव चालेल.