गावी घर बांधायचंय. आर्किटेक्ट नेमावा की ठेकेदारालाच सगळं द्यावं?

तुम्ही ठाण्यात राहता, कोकणात गावी हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय आणि मालासकट सगळं काम ठेकेदाराला देऊन मोकळं व्हावं का, असं विचारलंय. मोकळं होऊ नका. आर्किटेक्ट नेमा आणि सळईचं गणित करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा नेमा. पण आमच्याकडे हे दोघंही होते. नकाशा चांगला होता, आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) ड्रॉइंग चोख होतं. घर बिघडलं ते एका दिवसात आणि त्या दिवशी मी तिथे उभा होतो, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. जुनं घर मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. 2013 च्या दिवाळीनंतर ते उतरवलं. माझं म्हणणं होतं की भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घेऊ आणि वर कौलंच घालू. लाकडी वासे नको असतील तर लोखंडी पाइपांचा सांगाडा करू. दादा म्हणाला, "माकडं दर वर्षी कौलं फोडतात. आई एकटी असते, पावसाच्या तोंडावर कौलं परतायला माणूस कुठून आणायचा? स्लॅब घालू, कायमचं काम होईल." तो रत्नागिरीत, मी डोंबिवलीत. धावपळ त्याची होणार होती. मी मान्य केलं.

भिंती मार्चमध्ये पूर्ण झाल्या. स्लॅब तेव्हाच भरायला हवा होता, विहिरीला पाणी होतं. दादाने अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला, 2 मे 2014. सकाळी मी सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅब भरण्यासाठी खाली लावलेल्या प्लेटांवर, चढलो तर सळईखाली कव्हर ब्लॉकच नव्हते, म्हणजे सळई प्लेटपासून वर धरणारे छोटे ठोकळे. कुठे कुठे खडीचे तुकडे सरकवले होते, तेही निसटलेले. बऱ्याच ठिकाणी सळई थेट प्लेटवर टेकलेली. मी बोट घालून पाहिलं, बोट जाईना. ड्रॉइंगवर स्लॅबसाठी 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, लिहिलं होतं. ठेकेदार म्हणाला, "भरताना उचलून घेतो सळई." तीस-पस्तीस माणसांची घमेल्यांची रांग सुरू झाल्यावर सळई कोण उचलणार? कोणीही उचलली नाही.

मग पाणी. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पुरे, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मिक्सरवरचा मुलगा पाइपच सोडून उभा होता. माल आमटीसारखा वाहत होता, प्लेटांच्या फटींतून सिमेंटचं पाणी गळून खालच्या चिऱ्यांवर करडे ओघळ उतरले होते. मी काम थांबवलं. मुकादम म्हणाला, "साहेब, व्हायब्रेटर बंद पडलाय. घट्ट माल पसरायचा नाही." (व्हायब्रेटर म्हणजे ओतलेला माल हलवून बसवणारं यंत्र.) दादा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "ह्यांनी पन्नास घरं बांधलीत. मुहूर्ताच्या दिवशी काम अडवू नकोस." मी खाली उतरलो. तेव्हा उतरायला नको होतं.

स्लॅबवर पाणी साठवून ठेवायला आळी केली, पण चौथ्या दिवशी विहीर खरवडायला लागली आणि आळी सुकली. आताच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस पाणी लागतं, 14 दिवस मिळालं तर उत्तम.

पहिल्याच पावसात पंख्याच्या हुकाभोवती ओल दिसली. 2017 च्या श्रावणात आई पहाटे चहा टाकायला उठली आणि मागे तिच्या खाटेवर, अगदी उशीवर, ताटाएवढा छताचा तुकडा पडला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. वर सळई उघडी पडली होती, लाल, पापुद्रे सुटलेली. लोखंड गंजलं की फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. जास्त पाणी घातलेला माल भुसभुशीत राहतो, खाली कव्हरही नसेल तर ओल थेट लोखंडाला भिडते.

दादा अजूनही म्हणतो, त्या वर्षी पाऊस फार झाला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो धरूनच घर बांधायचं असतं. 2018 मध्ये स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला. छताचा खर्च दोनदा झाला. तुमच्या गावात फिरून बघा, किती स्लॅबांवर पत्रे चढलेत.

म्हणून माझं मत ठाम आहे: कोकणात उतरतं छप्परच हवं. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा, कारण चिरा पाणी पितो. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला पडवी ठेवा. स्लॅब घालायचाच असेल तर तो फेब्रुवारीत भरा. ठेक्याच्या कागदावर कव्हर ब्लॉक, चालू व्हायब्रेटर आणि क्युरिंगचं (भरलेला स्लॅब ओला ठेवण्याचं) पाणी कोण आणणार हे लिहून घ्या.

आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे की आम्ही इंजिनिअरला ड्रॉइंगचे पैसे दिले, साइटवर येण्याचे दिले नाहीत. दादा म्हणाला होता, फुकटचा खर्च कशाला. ते पैसे द्या. फूटिंगला (पाया भरताना) एकदा आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी एकदा तो आलाच पाहिजे. सळई बघून त्याने लेखी होकार दिल्याशिवाय मिक्सर चालू करायचा नाही.

माकडांचं मात्र दादा खोटं बोलत नव्हता, तो त्रास खरा आहे. काही जण उतरता स्लॅब घालून वर कौलं बसवतात. ते चांगलं होतं, पण उतारावर माल घट्टच लागतो, त्यामुळे गवंडी जाणता हवा. आणि सगळेच ठेकेदार असे नसतात. शेजारच्या वाडीत चोख बांधलेले स्लॅब आहेत, आजही कोरडे.

स्लॅबचा दिवस ठरला की दोन दिवस आधी रजा टाकून गावी जा. सेंट्रिंगवर चढा, दहा ठिकाणी सळईखाली बोट घालून बघा. बोट जात नसेल तर मुहूर्त असला तरी मिक्सर परत पाठवा. घरातलं माणूस रागावलं तरी खाली उतरू नका.